वावटळीचा माग

वावटळ हा शब्द मराठी माणसाला फारसा भयप्रद वाटत नाही. चैत्र-वैशाखाच्या भर दुपारी नांगरलेल्या रानातून धूळ आणि पाचोळा गरगरत वर नेणारी व क्षणभर खेळून विरून जाणारी वावटळ आपण सर्वांनीच पाहिलेली असते. तीत भूत असते असे सांगून आजीने भिवविले असले, तरी ती कोणाचे घर उचलून नेईल असे आपल्या मनात येत नाही. परंतु तशाच आकाराचे, पण निराळ्या कुळातले एक वादळ आहे. ते तापलेल्या जमिनीवरून वर चढत नाही. प्रचंड गर्जन्मेघाच्या पोटातून हत्तीच्या सोंडेसारखे खाली उतरते. आपले शास्त्रीय ग्रंथ त्याला घूर्णवाती वादळ म्हणतात, आणि जगभर ते टोर्नेडो या नावाने ओळखले जाते. हे वादळ अमेरिकेचे, आपल्याकडचे नव्हे, अशी पुष्कळांची समजूत आहे.

ती समजूत दिल्ली शहरापुरती १७ मार्च १९७८ रोजी खोटी ठरली. त्या दिवशी शुक्रवार होता. दिल्लीतला मार्च महिना म्हणजे थंडी सरलेली आणि लू अजून सुरू न झालेली, असा वर्षातला सर्वांत सुखद काळ. मात्र याच दिवसांत पश्चिमेकडून येणारे विक्षोभ उत्तर भारतावरून पुढे सरकत असतात, उंचावर वेगवान वारे वाहत असतात आणि खालची हवा तापू लागलेली असते. खाली दमट उष्ण हवा, वर कोरडी थंड हवा आणि उंचीगणिक वाऱ्याची बदलती दिशा ही तिन्ही एकत्र आली, की मेघ नुसता वाढत नाही, फिरू लागतो. त्या संध्याकाळी असा एक फिरता स्तंभ उत्तर दिल्लीत उतरला. विद्यापीठाचा परिसर, मॉरिसनगर आणि भोवतालच्या वस्त्या यांवरून तो गेला. मार्गाची लांबी सुमारे ५ किलोमीटर, रुंदी सुमारे ५० मीटर. एवढ्याशा पट्ट्यात, अवघ्या काही मिनिटांत, सुमारे २८ माणसे मृत्युमुखी पडली आणि जखमींची संख्या ७०० च्या घरात गेली. शहराच्या दक्षिण भागात राहणाऱ्यांना मात्र आपल्या शहरात काय घडले हे बातम्यांवरूनच समजले.

ही लांबी-रुंदी पडझडीवरून मागाहून ठरविलेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वादळ निघून गेल्यावर त्याचा माग काढण्याची एक जुनी रीत आहे. उन्मळून पडलेल्या झाडांचे शेंडे कोणत्या दिशेला आहेत हे पाहत जायचे. सरळ वाऱ्याने पाडलेली झाडे एकाच दिशेला निजलेली असतात. घूर्णवाताच्या वाटेवर मात्र दोन बाजूंची झाडे परस्परांशी जुळत नाहीत, आणि त्यावरून वारा गोल फिरला होता हे कळते. ८ एप्रिल १८३८ रोजी कलकत्त्याजवळ असेच वादळ झाले होते. त्याची सोळा मैलांची वाट आणि २१५ मृतांची संख्या आपल्याला ठाऊक आहे ती अशाच मागाहून केलेल्या चौकशीमुळे. म्हणजे १८३८ चे कलकत्ता आणि १९७८ ची दिल्ली यांत एकशे चाळीस वर्षांचे अंतर असूनही, दोन्हीकडे माणसाच्या हाती लागली ती वादळाची पावले. वादळ चालत असताना त्याच्यावर नजर ठेवणे कोठेच साधले नाही.

ते अन्यत्र साधले होते काय? साधले होते, परंतु त्याचा इतिहास यंत्रांइतकाच कचेऱ्यांचाही आहे. अमेरिकेत १८८० नंतरच्या दशकात जॉन फिन्ले या लष्करी अधिकाऱ्याने टोर्नेडोंची भाकिते करण्याचा प्रयत्न आरंभिला. पुढे तेथील हवामान खात्याने भाकितात टोर्नेडो हा शब्दच वापरू नये, असे ठरविले. प्रत्यक्ष वादळापेक्षा त्याच्या भयाने होणारी पळापळ अधिक घातक ठरेल, असा युक्तिवाद होता. मी स्वतः सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे काढलेला माणूस असल्याने ही मनोवृत्ती मला अपरिचित नाही. दिलेले भाकीत चुकले तर जाब द्यावा लागतो. न दिलेल्या भाकिताचा जाब सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून तो शब्द दीर्घकाळ कागदावर उमटला नाही, आणि वादळे मात्र येतच राहिली.

ही कोंडी ओक्लाहोमा राज्यातल्या टिंकर या हवाई तळावर फुटली. २० मार्च १९४८ च्या रात्री कसलीही सूचना नसताना एक टोर्नेडो त्या तळावर आला आणि उभ्या विमानांचा चुराडा करून गेला. फॉबुश आणि मिलर या तेथील दोन हवामान अधिकाऱ्यांनी मग पूर्वीच्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे समोर मांडले आणि त्यांतले साम्य शोधले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, सकाळचा नकाशा पाहतात तो तेच साम्य! एकाच जागी आठवड्याच्या आत दोनदा टोर्नेडो येण्याचा संभव किती असणार? तरीही वरिष्ठांनी विचारल्यावर त्यांनी दुपारी सूचना काढली, विमाने सुरक्षित जागी हलविली, माणसे आडोशाला नेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो खरोखरच त्या तळावर आला. मालमत्तेचे नुकसान झाले, पण जीवितहानी टळली. १९५० मध्ये नागरी हवामान खात्यानेही आपल्या कचेऱ्यांचा संकोच दूर करणारे परिपत्रक काढले.

नभोवाणीच्या श्रोत्यांना यापुढची हकीकत विशेष आपलीशी वाटेल. ३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत अमेरिकेच्या तेरा राज्यांत मिळून १४८ टोर्नेडो झाले. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात एका नभोवाणी केंद्राचा एक वार्ताहर रोज हेलिकॉप्टरमधून रस्त्यांवरच्या रहदारीची माहिती सांगत असे. त्या दुपारी तो आकाशात असतानाच टोर्नेडो शहरात शिरला. त्याने टोर्नेडोच्या मागोमाग सुरक्षित अंतरावरून उडत, ते कोणत्या वस्तीवर आहे व कोणीकडे वळत आहे, हे सांगण्यास आरंभ केला. केंद्राने नेहमीचे कार्यक्रम बंद केले आणि तासन्तास केवळ हीच माहिती दिली. शेकडो घरे जमीनदोस्त झाली; मृतांची संख्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. याचे सारे श्रेय एका आवाजाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण हवामान खात्याचा इशाराही निघालेला होता. परंतु वादळ घडत असतानाच त्याचा ठावठिकाणा सामान्य गृहस्थापर्यंत पोहोचविता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. दिल्लीची दुर्घटना यानंतर चार वर्षांनी घडली.

म्हणून दिल्लीच्या वेधशाळेला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. त्या काळची सामान्य रडारयंत्रे मेघातला पाऊस दाखवीत. थेंब यंत्राकडे येत आहेत की दूर जात आहेत, हे दाखवीत नसत. ही किमया डॉप्लर रडारची, आणि आपल्याकडे पहिले आधुनिक डॉप्लर रडार चेन्नईला २००२ मध्ये आले. शिवाय काही मिनिटांत संपणारे वादळ दिसले असते, तरी तेवढ्या अवधीत त्या वेळच्या दिल्लीत साधा दूरध्वनी जोडून मिळाला असता की नाही, याची शंका आहे. जाता जाता पुणेकर श्रोत्यांना सांगावेसे वाटते, की आज दिल्लीत लोधी मार्गावर असलेले हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ ते १९४४ या काळात पुण्यात होते. ते सिमल्याहून आले, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत अजूनही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते.

आता डॉप्लर रडारांचे जाळे दिल्लीसह देशभर पसरले आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे साधन वीज कोठे कोसळत आहे ते भ्रमणध्वनीवर दाखविते. तरीही एक अडचण शिल्लक राहते. पृथ्वी गोल असल्याने रडारचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच होत जातो. शंभर किलोमीटरवर तो एक किलोमीटरहूनही वर असतो. मेघ फिरत आहे एवढे त्याला दिसेल. सोंड जमिनीला टेकली की नाही, हे खाली उभ्या असलेल्या माणसानेच सांगावे लागते. अमेरिकेत त्यासाठी शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांची साखळी आहे. आपल्याकडे तशी नाही, आणि मला वाटते, नव्या यंत्राइतकीच तिची निकड आहे. २४ मार्च २०२३ रोजी पंजाबातल्या फाजिल्का जिल्ह्यात बकैनवाला या गावी घूर्णवाती वादळ आले, घरे पडली, माणसे जखमी झाली. ढगातून उतरलेला तो स्तंभ शेतांवरून सरकत असताना गावकऱ्यांनी आपल्या भ्रमणध्वनींवर त्याचे चित्रीकरण केले. ती चित्रे सर्व देशाने पाहिली. पण पाहिली ती वादळ विरून गेल्यावर.