मूत्रपिंड राखणारी शस्त्रक्रिया

एक मूत्रपिंड काढल्यावर माणूस जगेल काय, याचें उत्तर हायडेलबर्गच्या डॉ. गुस्टाफ सिमोन यांनीं आधीं कुत्र्यांवर प्रयोग करून शोधलें. मग २ ऑगस्ट १८६९ रोजीं, मूत्रवाहिनीच्या दुखापतीनें गांजलेल्या एका स्त्रीचें मूत्रपिंड त्यांनीं काढलें. ती बरी झाली.

पुढचा प्रश्न अधिक नाजूक होता. रोग एका कोपऱ्यांत असतां सगळें मूत्रपिंड कां गमवावें? उद्यां दुसरेंही निकामी झालें तर? त्याच नगरांत १८८७ सालीं डॉ. चेर्नी यांनीं गांठीपुरताच भाग कापला. परंतु रक्तस्रावाच्या भयानें ही वाट दीर्घकाळ ओस राहिली.

१९९० सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें डॉ. क्लेमन यांनीं पोटावरील लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साह्यानें संपूर्ण मूत्रपिंड काढलें. त्याच रीतीनें केवळ रोगट भाग काढल्याचा वृत्तांत डॉ. विनफील्ड व सहकाऱ्यांनीं १९९३ मध्यें प्रसिद्ध केला. येथें खरी झुंज घड्याळाशीं असते. धमनी चिमट्यानें बंद केल्यावर सुमारें अर्ध्या तासाच्या आंत कापणें व शिवणें उरकावें लागतें. विलंब झाल्यास राखलेला भागच रक्तावांचून निकामी होऊं लागतो.

काढण्यापेक्षां राखणें कठीण, हेंच या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचें सार होय.