आसन कोणाचें? ज्यूलियन बाँड यांच्या कारकीर्दीचा विचार

लोकांनीं निवडून दिलेला प्रतिनिधि सभागृहाच्या दाराशीं येऊन उभा राहिला असतां त्यास आंत घ्यावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ज्यांनीं त्यास पाठविलें त्या मतदारांचा, कीं त्याच्या आधीं आंत जाऊन बसलेल्या सभासदांचा? लोकसत्तेवरील कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत ह्या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत मिळेल. परंतु इतिहासांत हा प्रश्न जेव्हां प्रत्यक्ष उभा राहिला, तेव्हां दारांतला मनुष्य बहुधा आंतील मंडळींस अत्यंत अप्रिय असाच होता. प्रिय मनुष्यास कोणी दारांत अडवीत नाहीं. म्हणून ह्या तत्त्वाची खरी परीक्षा अप्रिय माणसांच्या प्रकरणींच होते.

इंग्लंडच्या इतिहासांतील दोन उदाहरणें पुष्कळ वाचकांस ठाऊक असतील. जॉन विल्क्स यांस तेथील कॉमन्स सभेनें १७६९ सालीं काढून टाकलें. मिडलसेक्सच्या मतदारांनीं त्यांस पुनःपुन्हां निवडून दिलें, तेव्हां सभेनें शेवटीं त्यांच्याहून फारच थोडीं मतें मिळालेल्या कर्नल लट्रेल यांस ती जागा बहाल केली. पुढें १७८२ सालीं सभेस आपलाच ठराव दप्तरांतून खोडून काढावा लागला. दुसरें उदाहरण चार्ल्स ब्रॅडलॉ यांचें. हे निरीश्वरवादी गृहस्थ १८८० सालीं निवडून आले. परंतु ते शपथ घेण्यास पुढें झाले तेव्हां, ‘ईश्वराच्या नांवें घेतलेली तुमची शपथ मनापासूनची असणार नाहीं’ असें म्हणून सभेनें त्यांस अडविलें. १८८६ पर्यंत त्यांस आपलें आसन निर्वेधपणें मिळालें नाहीं. हेच ब्रॅडलॉ १८८९ सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास आले होते. त्यामुळें त्यांचें नांव आपल्याकडे अनोळखी नाहीं.

तिसरें उदाहरण त्यामानानें अलीकडचें, आणि आपल्याकडे कमी परिचयाचें आहे. १० जानेवारी १९६६ रोजीं अमेरिकेंतील जॉर्जिया राज्याच्या प्रतिनिधिगृहानें १८४ विरुद्ध १२ मतांनीं ज्यूलियन बाँड ह्या २५ वर्षांच्या नवनिर्वाचित सभासदास आसन नाकारलें. त्या एका दिवसाची हकीकत नीट समजण्यास तीन गोष्टी पाहाव्या लागतात: तो तरुण कोण, तें आसन कोठून निर्माण झालें, आणि त्याचा अपराध काय.

बाँड यांचा जन्म १४ जानेवारी १९४० रोजीं टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल येथें झाला. घराणें विद्याव्यासंगी. आजोबा जेम्स बाँड हे १८६३ सालीं गुलामगिरींत जन्मले व पुढें बेरिया कॉलेजचे पदवीधर झाले. वडील होरेस मॅन बाँड हे नामांकित शिक्षणतज्ज्ञ, आणि पेन्सिल्व्हेनियांतील लिंकन विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. ज्यूलियन यांचें शालेय शिक्षण क्वेकर पंथीयांच्या शाळेंत झालें. युद्धाला विरोध करणाऱ्या त्या पंथाचा संस्कार त्यांच्यावर कायमचा राहिला. १९५७ सालीं ते अटलांटा येथील मोरहाऊस कॉलेजांत दाखल झाले. १९६० च्या मार्चमध्यें, गोऱ्यांसाठीं राखून ठेवलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसण्याची विद्यार्थ्यांची चळवळ अटलांट्यांत सुरू झाली. तींत बाँड पुढाकार घेणारांपैकीं होते, व नगरपालिकेच्या उपाहारगृहांत त्यांस अटकहि झाली. त्याच वर्षीं स्थापन झालेल्या विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीचें प्रसिद्धीचें काम त्यांनीं हातीं घेतलें आणि त्यासाठीं कॉलेज अर्धवट सोडलें. दक्षिणेंतील खेड्यापाड्यांत मतदार नोंदविणाऱ्या कार्यकर्त्यांवर होणारे हल्ले जगापुढें मांडावयाचे, हें त्यांचें काम. गृहस्थ मवाळ बोलण्याचे, सुसंस्कृत, नेटक्या पोशाखाचे. जाळपोळीची भाषा त्यांच्या तोंडीं कधीं आली नाहीं, हें पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां आसनाविषयीं. जॉर्जियांत जुन्या रचनेप्रमाणें प्रत्येक परगण्यास, तो कितीहि लहान असो, प्रतिनिधिगृहांत निदान एक जागा असे, आणि कितीहि मोठा असला तरी तीनच. अटलांटा शहर ज्यांत मुख्यतः मोडतें त्या फुल्टन परगण्याची लोकसंख्या १९६० सालीं साडेपांच लाखांवर होती. त्याच्या जागा तीन. एकोल्स परगण्यांत जेमतेम दोन हजार माणसें; त्याची जागा एक. शहरांतील मत, आणि त्यांतहि कृष्णवर्णीयांचें मत, अशा रीतीनें जवळजवळ शून्यावर आणून ठेवलेलें होतें. १९६२ ते १९६४ ह्या काळांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ‘प्रत्येक मताचें वजन सारखें’ हें तत्त्व लागू केलें, आणि जॉर्जियास आपले मतदारसंघ नव्यानें आंखावे लागले. त्यांतून अटलांट्यांतील १३६ वा मतदारसंघ जन्मास आला. १९६५ च्या जूनमध्यें झालेल्या खास निवडणुकींत तेथें बाँड शेकडा ८० हून अधिक मतांनीं विजयी झाले. त्या सालीं निवडलेले कृष्णवर्णीय सभासद हे त्या सभागृहांतील १९०७ नंतरचे पहिलेच. ह्या सभागृहानें १८६८ सालीं आपल्या कृष्णवर्णीय सभासदांस, केवळ वर्णामुळें, एकदां बाहेर काढलेलें होतें. १८७० सालीं संयुक्त सरकारच्या दडपणाखालीं त्यांस परत घ्यावें लागलें. तात्पर्य, दार बंद करण्याची कला त्या सभागृहास नवी नव्हती.

राहिला अपराध. ३ जानेवारी १९६६ रोजीं अलाबामांतील टस्कीगी येथें सॅमी यंग ह्या तरुण कार्यकर्त्याचा, गोऱ्यांसाठीं राखलेलें शौचगृह वापरण्याच्या वादावरून, गोळी घालून खून झाला. हा तरुण आरमारांत नोकरी करून आलेला होता. तीन दिवसांनीं समितीनें व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध पत्रक काढलें. जें सरकार स्वदेशांत आपल्या नागरिकांचें रक्षण करीत नाहीं, त्यानें परदेशांतील स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगूं नयेत, असा त्याचा मथितार्थ. सक्तीच्या लष्करभरतीस नकार देणाऱ्या तरुणांविषयीं त्यांत सहानुभूति व्यक्त केलेली होती. पत्रक बाँड यांनीं लिहिलेलें नव्हतें. परंतु एका रेडिओ वार्ताहरानें दूरध्वनीवर विचारतांच त्यांनीं आपली संमति सांगून टाकली. भरतीचें कार्ड जाळणाऱ्यांच्या धैर्याचें आपणांस कौतुक वाटतें, असेंहि ते पुढें म्हणाले. मात्र आपण स्वतः कार्ड जाळणार नाहीं, कारण तें कायद्याविरुद्ध आहे, हेंहि त्यांनीं स्पष्ट केलें. एवढाच अपराध.

राज्यांत एकच गहजब उडाला. ७५ सभासदांनीं आक्षेपाचे अर्ज केले. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशीं इतरांच्या शपथा होत असतां बाँड यांस बाजूस बसविलें, सायंकाळीं समितीपुढें त्यांच्या मुलाखतीची ध्वनिमुद्रिका वाजविली, आणि रात्रीं मतें घेतलीं. अटलांट्याचेच रहिवासी असलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनीं ह्या कृत्याचा जाहीर निषेध केला व विधिमंडळावर मोर्चा नेला.

विरोधकांची बाजू केवळ वर्णद्वेषाची म्हणून उडवून देणें सोपें, पण तें न्याय्य होणार नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, सभासदास राज्यघटनेशीं निष्ठेची शपथ घ्यावी लागते. रणांगणावर सैनिक मरत असतां कायदा मोडणाऱ्यांची जो वाखाणणी करतो, त्याची शपथ मनापासूनची कशी मानावी? सामान्य नागरिकानें असें बोलणें निराळें, कायदे करणारानें बोलणें निराळें. शिवाय आपल्या सभासदांची पात्रता ठरविण्याचा अधिकार सभागृहाचाच नव्हे काय? हा युक्तिवाद पोकळ नव्हता. संयुक्त सरकारच्या जिल्हा न्यायालयांतील तीन न्यायाधीशांपैकीं दोघांनीं तो मान्य केला. तिसरे न्यायाधीश एल्बर्ट टटल यांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें: घटनेनें सभासदाची पात्रता मोजून सांगितलेली आहे, तींत स्वतःच्या मर्जीनें भर घालण्याचा अधिकार सभागृहास नाहीं.

इकडे रिकामी ठरविलेली जागा भरण्यासाठीं फेब्रुवारींत निवडणूक झाली. मतदारांनीं बाँड यांसच निवडलें. सभागृहाच्या समितीनें पुन्हां विचारलें, शब्द मागें घेतां काय? त्यांनीं नकार दिला. दार पुन्हां बंद. नोव्हेंबरांतील सार्वत्रिक निवडणुकींत तेच तिसऱ्यांदां विजयी झाले. मिडलसेक्सच्या मतदारांचा दोनशें वर्षांपूर्वींचा हट्ट अटलांट्यांत जसाच्या तसा पुन्हां दिसला.

५ डिसेंबर १९६६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला. तो मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनीं लिहिला. वय, वास्तव्य वगैरे सर्व अटी बाँड पुऱ्या करीत होते, आणि शपथ घेण्यासहि ते तयार होते, हें राज्यासहि कबूल होतें. अशा स्थितींत शपथेचा खरेपणा तपासण्याच्या मिषानें बहुमतास अल्पमताचें तोंड बंद करतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. सामान्य नागरिकानें हेंच उद्गार काढले असते तर त्यास शिक्षा करतां आली नसती. मग प्रतिनिधीस नागरिकाहून कमी वाक्स्वातंत्र्य कां? उलट, वादग्रस्त प्रश्नांवर आपलें मत उघड सांगणें हें प्रतिनिधीचें कर्तव्यच होय. कारण त्यावांचून मतदारांनीं त्याची पारख करावयाची कशी? ब्रॅडलॉ यांच्या विरोधकांनीं जें ‘मनापासूनच्या शपथे’चें हत्यार उपसलें होतें, तेंच जॉर्जियानें उपसलें, आणि ह्या निकालानें तें बोथट झालें. १९६७ च्या जानेवारींत बाँड यांनीं शपथ घेऊन आपलें आसन स्वीकारलें.

पुढील कारकीर्दीचा विचार करतां थोडी निराशा वाटणें शक्य आहे. १९६८ सालीं शिकागो येथें डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनांत त्यांचें नांव उपाध्यक्षपदासाठीं सुचविलें गेलें. परंतु त्या पदास ३५ वर्षांचें वय लागतें आणि हे २८ चे, म्हणून त्यांनीं तें मागें घेतलें. सोडलेली पदवी त्यांनीं १९७१ सालीं पुरी केली. ते १९७५ पर्यंत प्रतिनिधिगृहांत व १९८७ पर्यंत राज्याच्या सेनेटांत होते. तथापि ज्या तरुणाकडून देशव्यापी नेतृत्वाची अपेक्षा होती, त्याची कीर्ति आंत बसून केलेल्या कायद्यांपेक्षां बाहेर उभें राहण्यामुळेंच अधिक राहिली. सेनेटांत असतां अटलांट्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्येचा एक काँग्रेस-मतदारसंघ आंखला जावा म्हणून ते झगडले, आणि १९८२ सालीं न्यायालयाच्या साह्यानें तो आंखला गेला. १९८६ सालीं त्याच मतदारसंघांतून काँग्रेसच्या उमेदवारीसाठीं ते उभे राहिले. पहिल्या फेरींत आघाडीवर असूनहि फेरमतदानांत ते पडले. त्यांचा पराभव करणारे जॉन लुइस हे त्यांचे जुने स्नेही. ज्या पत्रकापायीं बाँड यांचें आसन गेलें, तें निघालें तेव्हां समितीचे अध्यक्ष हेच लुइस होते. निवडणूक कडवट झाली, आणि तींत एक मैत्रीहि होरपळली. पुढें १९९८ ते २०१० पर्यंत बाँड कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय हक्कसंस्थेचे अध्यक्ष होते. १५ ऑगस्ट २०१५ रोजीं त्यांचें निधन झालें.

परंतु ही निराशा चुकीच्या मापानें मोजलेली आहे. १९६६ चा झगडा बाँड थोर कायदेपंडित होतील म्हणून योग्य ठरत नाहीं; ते अगदीं सामान्य सभासद निघाले असते, तरी तो तितकाच योग्य होता. पणाला लागलेला होता तो १३६ व्या मतदारसंघांतील माणसांचा हक्क. साठ वर्षें ज्यांच्या मतास त्या सभागृहांत वाणी नव्हती, त्यांनीं ती मिळतांच वापरली, आणि ती ऐकूं येतांच दार लोटलें गेलें. १९८६ चा निकालहि ह्याच दृष्टीनें पाहावा. त्या वेळीं मतदारांनीं दुसऱ्यास निवडलें, आणि बाँड मुकाट्यानें बाजूस झाले; त्यासाठीं कोणास न्यायालयांत जावें लागलें नाहीं. तें आसन १८४ सभासदांचें नव्हतें, तसें तें बाँड यांचेंहि नव्हतें. देणारेहि मतदार आणि काढून घेणारेहि तेच.