शितावरून भात : कर्करोग-संशोधनातील उंदीर आणि त्यावरून केलेली अनुमाने

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण शीत त्याच भांड्यातले असते. प्रयोगशाळेतील उंदरास मराठीत ‘नमुना’ म्हणण्याचा प्रघात पडला. परंतु उंदीर मनुष्याच्या भांड्यातला नव्हे. कर्करोगाविरुद्ध शरीर जो प्रतिकार करते, त्याच्या अभ्यासाचा इतिहास या अंतराशी झगडण्याचा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी एका उंदराची गाठ दुसऱ्याच्या अंगी रोपली असता ती पुष्कळदा विरून जाई आणि कर्करोगावर लस सापडल्याचा भास होई. वस्तुतः तो प्रतिकार कर्करोगास नसून परक्या मांसास होता. क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ मध्ये सख्ख्या भावंडांच्या संकरातून एकजिनसी कुल निर्माण करण्यास आरंभ केला, तेव्हा हा घोटाळा निस्तरण्याची वाट सापडली. पुढे १९५७ मध्ये प्रेन व मेन यांनी दाखविले की, रसायनाने उपजविलेल्या गाठीचा एकदा अनुभव घेतलेला उंदीर तीच गाठ पुन्हा रुजू देत नाही. मात्र ती गाठ ज्या उंदरात मुळात उपजली, त्याची कातडी तो निमूटपणे स्वीकारतो. गाठीचे परकेपण शरीर ओळखू शकते, हे येथे प्रथम निःसंदिग्धपणे सिद्ध झाले असे म्हणावयास हरकत नाही.

याच दशकात, १९५२ साली, मुंबईत परळ येथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी तेथे उंदरांच्या कुलांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. मातेच्या दुधातून हा रोग पिलांत उतरतो, हे अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. रणदिवे यांनी त्याच्या जोडीस आनुवंशिकता व संप्रेरके यांचाही विचार केला. संस्थेचे नाव धारण करणाऱ्या आय. सी. आर. सी. कुलात ही गाठ आपोआप उद्भवे. तिच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्तीही त्याच देहाची असे. या दृष्टीने हा नमुना पुढच्या कित्येकांहून अधिक प्रामाणिक होता.

पुढील काळात दिशा उलटली. आय. आय. टी. मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांनी सिद्ध केलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारात रोग्याच्याच टी-पेशी काढून, त्यांत नवी जनुकीय सूचना घालून त्या परत दिल्या जातात. त्यांची पूर्वपरीक्षा ज्या उंदरांत होते, त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नाहीशी केलेली असते. अन्यथा मानवी गाठ त्यांत रुजणारच नाही. पेशींची मारकशक्ती तेथे दिसते. परंतु या उपचारातील घातक ज्वर यजमानाच्या भक्षक पेशींच्या स्रावांमुळे उसळतो, हे २०१८ च्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखविले. आणि सामान्य चाचणीतल्या उंदरात तो नीट उमटत नाही. म्हणून सुरक्षिततेचा निर्णय अखेर रोग्यांवरील चाचणीतच लागावयाचा होता, व ती ६४ जणांवर झाली.

आणखी एक अंतर आहे. प्रयोगशाळेचा उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात, ठरावीक अन्नावर वाढतो. प्राण्यांच्या दुकानातील अस्वच्छ उंदरांची प्रतिकारव्यवस्था प्रौढ मनुष्याच्या अधिक जवळची असते, हे २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. जव्हार-मोखाड्याचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावली. बालपणीच्या उपासमारीने टी-पेशी जेथे परिपक्व होतात ती थायमस ग्रंथी आक्रसते, हे वैद्यकास ठाऊक आहे. त्या वर्षी जगलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांपैकी कोणी रक्ताच्या कर्करोगाने परळला आले, तर उपचाराचे द्रव्य त्यांच्याच टी-पेशींतून घ्यावे लागेल. त्या पेशी किती भरतील, किती टिकतील, हे धष्टपुष्ट उंदरास विचारून कळणारे नाही. रणदिवे यांनी उत्तरायुष्यात अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीच्या नोंदी केल्या होत्या. कर्करोगाच्या अभ्यासकांनी त्या प्रकारच्या नोंदी जव्हार-मोखाड्यातही हाती घ्यावयास हव्यात.