मुखपृष्ठ नसलेली पुस्तकं, पुस्तक नसलेली मुखपृष्ठं

आमच्या गल्लीत एक बाइंडर होते. लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणत. गावच्या वाचनालयाची पुस्तकं बांधायचं काम त्यांच्याकडे असे. नवी रहस्यकथा वाचनालयात आली की कपाटात जाण्याआधी ती चाचांच्या ओट्यावर यायची. चाचा तिचं रंगीत मुखपृष्ठ एका झटक्यात सोडवायचे, पानांना दाभणानं भोकं पाडून दोरा ओवायचे, खळ लावून जाड पुठ्ठा चढवायचे आणि पाठीला कापडाची पट्टी डकवायचे. शंभर हात लागले तरी पुस्तक टिकलं पाहिजे, एवढाच हिशेब. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो की काळा पहाड, आमच्या हाती तो यायचा असा बिनचेहऱ्याचा, खाकी पुठ्ठ्यात.

ओट्याखाली पडलेली मुखपृष्ठं मात्र आम्हा पोरांची. कुणी त्यांचे भोवरे कापायचं, कुणी वह्यांना लावायचं. मी ती गादीखाली ठेवू लागलो. दाराआड उभी असलेली भेदरलेली बाई, भिंतीवर पडलेली लांब सावली, पिस्तूल रोखलेला नुसता हात. आतली गोष्ट कुठली ते ठाऊक नसायचं. म्हणून ती आपणच रचायची. पुढे मी कविता लिहू लागलो त्याचं मूळ कुठे, असं कुणी विचारलं तर मी थोरामोठ्या कवींची नावं घेतो. खरं उत्तर त्या गादीखाली आहे.

बी.ए. झाल्यावर नोकरीच्या निमित्तानं मुंबईत आलो. त्या काळी फ्लोरा फाउंटनच्या आसपास फुटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग लागत. एका संध्याकाळी त्यातलं एक अमेरिकन पॉकेटबुक उचललं आणि पहिलंच पान उलटताच थबकलो. तिथे छापलं होतं, त्याचा मतलब असा: हे पुस्तक मुखपृष्ठाशिवाय तुमच्याकडे आलं असेल तर ते चोरीचा माल समजा, प्रकाशकाच्या दप्तरी ते नष्ट झालेलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर चाचा उभे राहिले. मुखपृष्ठ फाडायची रीत सातासमुद्रापार अमेरिकेतही होती तर! फक्त कारण उलटं. चाचा पुस्तक वाचवण्यासाठी मुखपृष्ठ फाडत. तिथे पुस्तक मारण्यासाठी फाडत.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. ‘पल्प’ म्हणजे लाकडाचा लगदा. त्या लगद्याच्या खरबरीत, स्वस्त कागदावर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कथामासिकं निघू लागली. फ्रँक मन्सी यांनी १८९६ साली आपलं ‘आर्गसी’ या स्वरूपात आणलं आणि पुढची पन्नासएक वर्षं अशा मासिकांचं पेव फुटलं. आत कागद भिकार, पण वर मुखपृष्ठ मात्र भडक, गुळगुळीत, चार रंगांत. १९२० साली सुरू झालेल्या ‘ब्लॅक मास्क’ मासिकातूनच डॅशिएल हॅमेट यांची ‘माल्टीज फाल्कन’ पहिल्यांदा क्रमशः आली. म्हणजे लगद्याच्या कागदावर सगळाच लगदा होता असं नाही.

दुसरा धागा पॉकेटबुकांचा. १९३५ साली इंग्लंडमध्ये ॲलन लेन यांनी सहा पेन्सांना पेंग्विन पुस्तकं आणली. त्यांची मुखपृष्ठं सोवळी. चित्र नाही, रंगाचे पट्टे आणि अक्षरं. १९३९ साली रॉबर्ट डी ग्राफ यांनी अमेरिकेत ‘पॉकेट बुक्स’ काढली, किंमत पंचवीस सेंट. पाठोपाठ एव्हन, पॉप्युलर लायब्ररी, डेल, बँटम, सिग्नेट अशी रांग लागली. त्यातच महायुद्ध आलं. परदेशी लढणाऱ्या सैनिकांसाठी १९४३ ते १९४७ या काळात बारा कोटींहून जास्त चिमुकली पुस्तकं छापून फुकट वाटली गेली. खंदकात वाचायची सवय लागलेला शिपाई घरी परतला तो वाचक होऊनच.

पण ही पुस्तकं विकायची कुठे? पुस्तकांची दुकानं शहरांत, तीही मोजकी. प्रकाशकांनी वर्तमानपत्रं आणि मासिकं वाटणाऱ्या एजंटांची वाट धरली. मग पुस्तक औषधाच्या दुकानात, रेल्वे स्टेशनवर, बस स्टँडवर, पानपट्टीसारख्या सिगारेटच्या टपरीवर तारेच्या फिरत्या स्टँडात जाऊन बसलं. गाडी सुटायला चार मिनिटं असलेल्या माणसाला ते विकायचं. लेखकाचं नाव त्याला ठाऊक नाही, परीक्षण त्यानं वाचलेलं नाही. त्याला थांबवणार कोण? मुखपृष्ठ. आपल्याकडच्या एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

याच धंद्यातून ती फाडायची रीत आली. मासिकाचे न खपलेले अंक परत पाठवण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून नुसतं मुखपृष्ठ फाडून पाठवायचं आणि पैसे वळते करून घ्यायचे. तोच नियम पुस्तकांना लागला. फाडलेलं मुखपृष्ठ म्हणजे पुस्तक मेल्याचा दाखला. उरलेला देह पुन्हा लगद्यात. मग काही दुकानदार मुखपृष्ठाचे पैसे घेऊन देहही गुपचूप स्वस्तात विकू लागले, म्हणून पुढे पुस्तकांत ती चोरीच्या मालाची सूचना छापली जाऊ लागली.

अशा धंद्यात चित्रकाराला मान तो काय? तरीही या मंडळींनी काय कामं करून ठेवली आहेत! डेल प्रकाशनाच्या जुन्या रहस्यकथा पाहा. पुढच्या बाजूला जेराल्ड ग्रेग यांनी रंगाच्या फवाऱ्यानं काढलेलं गुळगुळीत, स्वप्नातल्यासारखं चित्र आणि मागच्या बाजूला चक्क नकाशा. खून झाला तो वाडा, नदीवरचा पूल, हॉटेलची मजल्यावरची खोली. वाचक गोष्ट वाचता वाचता मागे पाहून गुन्हेगाराची वाट शोधणार. १९४३ ते पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत निघालेली ही नकाशावाली पुस्तकं आज संग्राहकांच्या जिवाचा तुकडा आहेत. माझ्याकडे सात आहेत. त्यातल्या तीन गोष्टी मी अजून वाचलेल्या नाहीत, पण त्या गावांमधून अनेकदा फिरून आलो आहे.

रुडॉल्फ बेलार्स्की हे मासिकांतून इकडे आलेले. पॉप्युलर लायब्ररीसाठी त्यांनी काढलेल्या चित्रांत सगळा क्षण गळ्याशी आलेला असतो. जेम्स अवाटी यांची तऱ्हा निराळी. प्रिन्स्टनला वास्तुकला शिकलेला हा माणूस १९४९च्या सुमारास सिग्नेटसाठी मुखपृष्ठं काढू लागला आणि पिस्तुलं गायब झाली. मळकी खोली, खिडकीतून येणारा उतरता उजेड, पलंगाच्या कडेला बसलेली थकलेली बाई, दारात उभा पुरुष, दोघांत न बोललेलं काहीतरी. ओळखीपाळखीच्या साध्या माणसांना उभं करून, त्यांचे फोटो काढून ते चित्रं रंगवत. त्यांना ‘पेपरबॅकचे रेम्ब्राँ’ म्हणतात ते उगाच नव्हे. रॉबर्ट मॅकगिनिस तर दीर्घायुषी. बाराशेच्या वर मुखपृष्ठं, ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’सारख्या चित्रपटांची पोस्टरं, आणि २०२५ साली वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी निधन.

आता तुम्ही म्हणाल, भडक चित्रांचं एवढं कौतुक कशाला? तक्रार खोटी नाही. मुखपृष्ठ आणि पुस्तक यांचं पुष्कळदा जमत नसे. ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ची १९५०ची सिग्नेट आवृत्ती पाहा. ज्युलिया ही नायिका खोल गळ्याच्या पोशाखात उभी, आणि तिच्या अंगावर बिल्ला आहे तो कामभावनाविरोधी संघटनेचा! सॅलिंजर यांच्या ‘कॅचर इन द राय’च्या १९५३च्या सिग्नेट आवृत्तीवर अवाटी यांनी उलटी लाल टोपी घातलेला, हातात बॅग घेतलेला मुलगा रंगवला. चित्र उत्तम; पण सॅलिंजर यांना ते मुळीच रुचलं नाही. पुढे दुसऱ्या प्रकाशकाकडे पुस्तक गेलं तेव्हा मुखपृष्ठावर चित्र आलंच नाही. लालसर तपकिरी रंग आणि पिवळी अक्षरं, बस्स. विल्यम बरोज यांचं पहिलं पुस्तक ‘जंकी’ १९५३ साली टोपणनावानं, पस्तीस सेंटांना, एका भडक जोडपुस्तकात आलं. तेव्हा समीक्षकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आज ते हाती लागलं तर संग्राहक नाचतो.

त्याहून गंभीर तक्रार बायकांची आहे. या चित्रांत बाई एक तर भेदरलेली किंवा भुलवणारी. आशियाई माणूस दिसला की तो बहुधा खलपुरुष. माझी मुलगी एकदा हे सारं उलटून पाहून म्हणाली, ‘‘अब्बा, यातल्या एकाही बाईच्या हातात पुस्तक नाही.’’ मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी संग्रह दाखवताना हे आधी सांगतो. जुनं ते सगळं सोनं, असं समजून जमवणारा माणूस संग्राहक नसतो, भाविक असतो.

पण तक्रार करणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं. १९५२ साली अमेरिकन काँग्रेसनं अर्कान्साचे सदस्य ईझीकील गॅदिंग्ज यांच्या अध्यक्षतेखाली अश्लील वाङ्मयाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या तडाख्यात ही स्वस्त पुस्तकं आणि त्यांची मुखपृष्ठं आली. समितीतून कायदा निघाला नाही, पण प्रकाशकांनी हात आखडला. गंमत अशी की त्याच स्टँडवर फॉकनर आणि मोराव्हियाही होते. भडक कपडे घालून का होईना, ते सिगारेट घ्यायला आलेल्या माणसापर्यंत पोचत होते.

चित्रांचं पुढे काय झालं? पुष्कळ मूळ चित्रं छपाई झाल्यावर टाकून दिली गेली. कितीतरी मुखपृष्ठांवर सहीच नाही. कुणी काढलं हे शोधायचं काम पुढे सरकारनं नाही, हौशी संग्राहकांनी केलं. पीट स्क्रूडर्स नावाचा डच मांडणीकार या वेडापायी अमेरिकन पेपरबॅकच्या मुळाशी गेला. त्याचं त्या विषयावरचं पुस्तक १९८१ साली निघालं. पुढे अवाटी यांच्या चित्रांवर त्यानं सहलेखकासह ग्रंथ केला, तो २००५ साली आला. अवाटी त्याच वर्षी गेले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये डेलची सुमारे साडेसहा हजार पुस्तकं आज दुर्मिळ ग्रंथांच्या दालनात आहेत. पंचवीस सेंटांना घ्यायची आणि प्रवास संपला की बाकावर सोडून द्यायची, अशी ही पुस्तकं!

आणि आपल्याकडे? अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारानं त्यांची मुखपृष्ठं रंगवली. मुळगावकरांचे देवदेवता आपण कॅलेंडरावरून काढून चौकटीत बसवले, भिंतीवर लावले. त्याच हातानं काढलेली ती मुखपृष्ठं मात्र वाचनालयावाचनालयांतल्या चाचांनी फाडून टाकली. चाचांचा त्यात दोष नाही. पुस्तक वाचलं जावं म्हणूनच त्यांनी तसं केलं, आणि त्या पुठ्ठ्यांमुळेच आमची एक पिढी वाचायला शिकली. पण किंमत चुकवली ती चित्रकारांनी. त्यातल्या मुळगावकरांचं नाव तरी राहिलं. ज्यांची सही नव्हती त्यांचं काहीच नाही.

हे जपणं सोपं नाही. लगद्याचा कागद स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. पाठीचा गोंद वाळून पानं सुटतात. मुखपृष्ठावरची चकचकीत झिल्ली कडेनं उकलते, आणि ती चिकटपट्टीनं चिकटवायचा मोह झाला तर चित्र संपलंच. आपल्या पावसाळ्यात ओल आणि कसर यांची भर. मी प्रत्येक पुस्तक वेगळ्या पाकिटात उभं ठेवतो, उन्हाची तिरीप लागू देत नाही, आणि दसऱ्याच्या सुमारास सगळी बाहेर काढून वारा देतो. बायको म्हणते, ‘‘एवढी काळजी स्वतःच्या कवितांच्या वह्यांची घेतली असती तर!’’ तिचं खरं आहे. पण कवितेवर माझं नाव तरी असतं.

गादीखालच्या त्या मुखपृष्ठांपैकी अकरा माझ्याकडे अजून आहेत. चारांवर सही आहे, सातांवर नाही. त्या सातांच्या मागे मी पेन्सिलनं फक्त एक ओळ मोकळी ठेवली आहे, नाव लिहिण्यासाठी. तुमच्या माळ्यावर जुन्या रहस्यकथांचा गठ्ठा असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा खाली उतरवा. धूळ झटका, आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पाहा. एखादं बारीकसं नाव असेल तर ते कुठेतरी लिहून ठेवा. कदाचित माझ्या सातांपैकी एखाद्याचा हात तुम्हाला ओळखता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)