पिन-बुश

जेसीबीची खुदाई बघायला एवढी गर्दी का जमते, ह्यावर २०१९ साली इंटरनेटवर भरपूर विनोद झाले. गर्दीतले सगळे बकेटकडे बघत असतात. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट कोडवर, त्यामुळे माझं लक्ष जातं सांध्यांकडे.

बूम, आर्म, बकेट, सिलिंडर हे भाग जिथे एकमेकांना जोडलेले असतात, तिथे एक जाड पिन असते. पण ती थेट बूमच्या भोकात फिरत नाही. मधे नळीच्या तुकड्यासारखं एक कडं घट्ट बसवलेलं असतं. तो बुश. गॅरेजमध्ये दोघांचं नाव जोडूनच घेतात, पिन-बुश. ह्या वीकांताला ह्या कड्याचा थोडा इतिहास.

कल्पना तशी जुनी. बैलगाडीच्या तुंब्यातही लोखंडी नळी बसवतात, म्हणजे चाक फिरताना आस लाकूड खात नाही. झिजायचंच आहे तर नळी झिजू दे, चाक नको. ह्या हिशोबाला कारखान्यात मान मिळाला तो १८३९ साली. अमेरिकेत आयझॅक बॅबिटने त्या वर्षी बेअरिंगचं पेटंट घेतलं. कठीण कवचाच्या आत कथील, अँटिमनी आणि तांब्याचं मऊ अस्तर. अस्तर झिजलं की वितळवून नवं ओतायचं, शाफ्ट सलामत. गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच देशात, विल्यम ओटिसला वाफेच्या खोदयंत्राचं पेटंट मिळालं. नोव्हेंबरात तो वारला, वय अवघं २६. (माझ्यापेक्षा लहान! असो.)

पुढचा प्रश्न: सतत तेल घातलं तर झीज थांबेल का? १८८३ मध्ये इंग्लंडात बोशां टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने तेल घालायला वरून भोक पाडलं, तर तेल उलट बाहेर यायला लागलं. बूच मारलं, तर बूचही बाहेर! फिरणारा शाफ्ट तेलाला स्वतःच दाबाखाली ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो, हे त्यातून कळलं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. मोटारी आणि टर्बाइन आजही त्याच गणितावर फिरतात.

पण खोदयंत्राचा सांधा ह्या गणितात बसत नाही. तो पूर्ण फिरत नाही. थोडा पुढे, थोडा मागे, तोही हळू, आणि अंगावर टनांचं वजन. असा थर धरतच नाही, धातू धातूला लागतोच. बॉल बेअरिंग घालावं तर गोळ्या त्याच त्याच जागी दाबून खड्डे पाडतात. म्हणजे इथे झीज टाळता येत नाही, फक्त कुठे व्हावी ते ठरवता येतं. आजचे बुश मऊच असतात असंही नाही, बरेचसे कडक केलेल्या पोलादाचे असतात. मुद्दा मऊपणाचा राहिला नाही, बदलता येण्याचा राहिला.

वाफेच्या खोदयंत्रात बरंच काम दोर आणि साखळ्या करत. दुसऱ्या महायुद्धानंतर हायड्रॉलिक सिलिंडर आले आणि प्रत्येक सिलिंडरला दोन टोकं, म्हणजे दोन सांधे! जोसेफ सिरिल बॅमफर्डने १९४५ मध्ये अटॉक्सिटरला एका भाड्याच्या गॅरेजमध्ये ट्रेलर बनवून धंदा सुरू केला. १९५३ मध्ये त्याच्याकडून पुढे लोडर, मागे खोदणारा हात असं मशीन आलं. १९७९ पासून ते भारतातही बनू लागलं आणि त्याच्या नावाची आद्याक्षरं आपल्याकडे सामान्यनाम झाली. नुसत्या मागच्या हातात डझनभर तरी पिना निघतात.

बुश खराब झाला म्हणजे नेमकं काय होतं? साधा हिशोब. सांधा २० सेंटिमीटर रुंद, बकेट तिथून ३ मीटर लांब. पिनेभोवती १ मिलिमीटरची फट पडली, तर बकेट दीड सेंटिमीटर सरकते, आणि तेही एका बाजूला. ऑपरेटर म्हणतो, 'प्ले आलाय.' त्या फटीत माती शिरते आणि पॉलिश पेपरसारखी घासते. ग्रीसचं अर्धं काम ही माती बाहेर ढकलण्याचं असतं, म्हणून रोज ग्रीस गन लावायची.

ह्या टप्प्यावर काम सोपं असतं. जॅकने दाबून जुना बुश काढा. निघाला नाही तर त्याच्या आतून वेल्डिंगची एक रेघ मारतात. ती थंड होताना आकसते आणि बुश ढिला होतो. नवा बुश बर्फासारखा गार करून आकसवायचा आणि ग्रीसचं भोक जुळवून सरळ सरकवायचा. हातोडा नाही.

उशीर झाला तर बुश स्वतःच भोकात फिरायला लागतो आणि बूमचं भोक अंडाकृती होतं. मग भोक वेल्डिंगने भरून, आरपार दांडा लावून, मशीन आहे तिथेच पुन्हा बोअर करावं लागतं. दोन्ही टोकांना आधार दिलेला बोरिंगचा दांडा ही १७७५ ची जॉन विल्किन्सनची युक्ती. वॅटच्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर त्यामुळेच नीट गोल झाला. इतिहास म्हणून भारी आहे, पण मालकाला त्याचं बिल येतं.

आणि बरेचदा हा मालक म्हणजे कर्ज काढून एकच मशीन घेतलेला माणूस. आपल्याकडे मातीकामाचा सीझन पावसापर्यंत. एप्रिलमध्ये बुश वाजायला लागला की तो म्हणतो, 'एवढा सीझन काढू, पावसात बघू.' हप्ता थांबत नाही, म्हणून मशीनही थांबत नाही. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. आमच्या ऑफिसातही 'पुढच्या रिलीजला करू' हेच चालतं, फक्त तिथे कुणाचा बूम तडकत नाही.

बुशची किंमत कमी असते. महाग असतात ते मशीन उभं राहण्याचे दोन दिवस. ते सीझनमध्ये काढणं ज्याला परवडतं, त्याचं मशीन टिकतं. पुढच्या वेळी गर्दीत उभे राहाल तेव्हा बकेटची दिशा बदलताना कान द्या. 'ठक्' असा आवाज आला, तर तिथे कुणीतरी पावसाची वाट बघतंय.