परवान्याची हद्द

१८९१ साली कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली. जेमतेम तीस मैलांचा मार्ग, संस्थानच्या खर्चाने बांधलेला. कोल्हापूरच्या माणसाला पुण्या-मुंबईची गाडी त्यामुळे जवळ आली. त्या काळचा नकाशा समोर ठेवला, की या लहानशा प्रवासात किती हद्दी ओलांडाव्या लागत हे ध्यानात येते. छत्रपतींचे कोल्हापूर संपले की पटवर्धनांचे मिरज, आजूबाजूला सांगली आणि कुरुंदवाड, पुढे सातारा जिल्हा म्हणजे इंग्रजी अंमल. कमरेला गांजाची पुरचुंडी बांधून पंढरपूर नाहीतर नाशिक गाठणाऱ्या एखाद्या गोसाव्याच्या दृष्टीने ही सगळी एकच मुलूखगिरी. अबकारी खात्याच्या दृष्टीने मात्र ती पुरचुंडी वाटेत अनेकदा जात बदलत होती.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याची परिभाषा पाहावी. इलाख्याबाहेरून आत आणणे ही ‘आयात’, इलाख्यातून बाहेर नेणे ही ‘निर्यात’, आणि आतल्या आत हलवणे ही ‘वाहतूक’. मादक पदार्थ दुकानात विकत मिळे, तो बाळगण्याला मर्यादा असे, आणि हलवायचा तर पास लागे. गांजा तेव्हा बेकायदा नव्हता. सरकारला त्यातून उत्पन्न होते आणि ते उत्पन्न हद्दीवरच गळण्याची भीती होती. गांजाच्या प्रवासाचे नियम या हिशेबातून जन्मले. आरोग्याचा विचार त्यात नंतर शिरला.

तो शिरला १८९३ मध्ये. डब्ल्यू. एस. केन या खासदारांनी ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित केला आणि ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. कमिशनने ११९३ साक्षी नोंदवल्या. अहवाल सात खंडांचा झाला. मुंबई इलाख्याच्या साक्षी सातव्या खंडात आहेत. कमिशनने भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ, असा भेद काळजीपूर्वक मांडला. माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि परवाना यांनीच आवर घालावा, हा त्यांचा निष्कर्ष. शंभरहून अधिक वर्षांनी जगातल्या अनेक सरकारांनी जे धोरण नवे म्हणून जाहीर केले, ते या धुळीच्या खंडांत आधीच लिहिलेले आहे. याच अहवालात संस्थानांतून होणाऱ्या चोरट्या आवकेची चिंताही आहे. एका हद्दीत स्वस्त, दुसरीत महाग. मग माल वाहणारच.

पुढे हद्दी राष्ट्रांच्या झाल्या. १९२५ च्या जिनिव्हा करारात इजिप्तच्या आग्रहाने भांगवर्गीय पदार्थ प्रथमच आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले आणि आयात प्रमाणपत्राशिवाय निर्यात नाही, ही पद्धत रूढ झाली. अबकारी खात्याचा पास आता देशादेशांत फिरू लागला. त्यानंतर १९६१ चा ‘सिंगल कन्व्हेन्शन’. त्यातील व्याख्येतून शेंड्यांशिवायची पाने आणि बिया वगळल्या गेल्या. भांग वाचली ती याच कंसामुळे. आपला १९८५ चा अमली पदार्थ कायदा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एनडीपीएस, हीच व्याख्या उचलतो.

१९६१ च्या या करारात विमानाचा उल्लेख असलेले एक कलम आहे, बत्तिसावे. आंतरराष्ट्रीय प्रवासात जहाजावर किंवा विमानात प्रथमोपचारासाठी ठेवलेला थोडासा अमली पदार्थ ‘आयात’, ‘निर्यात’ किंवा ‘मार्गक्रमण’ समजू नये, असे ते सांगते. मॉर्फिनची कुपी विमानाच्या औषधपेटीत असेल तर दहा देशांवरून उडूनही ती कोणत्याच देशात गेली नाही असे मानायचे. ही सवलत विमानाच्या पेटीला आहे. प्रवाशाच्या पिशवीबद्दल हे कलम काहीच बोलत नाही.

राजारामपुरीतल्या एका शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी मला याविषयी विचारले. त्यांची मुलगी टोरांटोला असते. आईच्या संधिवातावर तिथले भांगेचे तेल उपयोगी पडेल असे तिला वाटत होते. तिथे ते दुकानात उघड मिळते, पावती मिळते, बाटलीवर सरकारी शिक्का असतो. “औषधच आहे ना, सर? चोरून थोडेच आणायचे?” प्रश्न रास्त होता, गुडघे धरून जिना चढणाऱ्या वहिनींना मी रोज पाहत होतो. पण उत्तर ‘नाही’ असेच होते आणि ते दोन्ही टोकांनी ‘नाही’ होते.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला. देशांतर्गत विमानात प्रौढ माणूस ३० ग्रॅमपर्यंत सोबत नेऊ शकतो. मात्र देशाची सीमा ओलांडताना तो नेणे किंवा आणणे हा तिथेही गुन्हाच आहे. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी, तेल असले तरी, आणि जिथे जायचे तिथे गांजा कायदेशीर असला तरीही. इकडच्या टोकाला आपला कायदा गांजाच्या अर्काला वा टिंक्चरला ‘औषधी भांग’ असे नाव देतो खरे, पण त्याची गणना ‘निर्मित अमली पदार्थां’त करतो. ‘औषधी’ हा शब्द वाचून कोणी हुरळून जाऊ नये. बेकायदा आयातीला तेविसावे कलम आहे: अल्प प्रमाण असल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दंड, मध्यम असल्यास दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाण असल्यास दहा ते वीस वर्षे. गांजाचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत धरतात, चरसाचे १०० ग्रॅमपर्यंत. शिवाय माल बाळगणाऱ्याला तो ठाऊक होता असे कायदा आधी गृहीत धरतो. नव्हता हे सिद्ध करणे आरोपीकडे.

याहून चमत्कारिक गोष्ट पहिल्याच कलमात आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांना आणि भारतात नोंदलेल्या विमानांतील सर्व व्यक्तींना, विमान कुठेही असो, लागू होतो. म्हणजे एअर इंडियाचे विमान टोरांटोच्या धावपट्टीवर उभे असतानाच आत बसलेला माणूस, मग तो कोणत्याही देशाचा असो, एनडीपीएसच्या हद्दीत आलेला असतो.

अमेरिकेतील मराठी घरांना तर हद्द दिसतही नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ च्या मतदानात प्रौढांसाठी गांजा मोकळा केला. न्यू जर्सीत २०२२ पासून दुकाने उघडली. सॅन फ्रान्सिस्कोहून नेवार्कला जाणाऱ्याला वाटते, इथेही चालते, तिथेही चालते. पण एका राज्यातून दुसऱ्यात नेणे संघराज्याच्या कायद्याखाली येते आणि विमानतळावरची तपासणीही संघराज्याची. तपासनीस गांजा शोधत बसत नाहीत. सापडला तर पोलिसांना कळवतात. मिरजेच्या फलाटावरचा गोसावी यांना सहज ओळखेल.

आपल्याकडे देशांतर्गत स्थितीही फार वेगळी नाही. राजस्थान वा उत्तर प्रदेशात सरकारमान्य ठेक्यावर भांग मिळते. ती नुसती पाने असल्याने केंद्राच्या कायद्यातून सुटते. पण उजळाईवाडीला उतरणाऱ्याची गाठ महाराष्ट्र दारूबंदी कायद्याशी पडते. हा मूळ मुंबईचा १९४९ चा कायदा. कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेही त्याच वर्षी, १ मार्चला. त्याच्या ‘मादक पदार्थां’त भांग बसते आणि ती बाळगायला परवाना लागतो. गंमत अशी की १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा हाच कायदा गुजरातकडेही गेला, आणि दारूबाबत कडक असलेल्या त्या राज्याने २०१७ मध्ये त्यातून भांग वगळली. एका आईची दोन लेकरे, दोन वळणे.

थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा यादीतून काढला, तेव्हापासून बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडे मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक’ गांजा सापडल्याच्या बातम्या सतत येत राहिल्या. जून २०२५ मध्ये त्या देशाने पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. या बातम्यांतली काही मंडळी तरुण असतात आणि सामान दुसऱ्याचे असते. तिकडे रस्त्यावर उघड मिळणारी वस्तू इकडे आणली तर दहा वर्षे, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते. परतीच्या वाटेवर सिंगापूर असेल तर गोष्ट आणखी भयंकर: तिथे ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या तस्करीला फाशी आहे. दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. भारताने बाजूने मत दिले. विमानतळावरचा नियम त्याने तसूभर बदलला नाही.

कोल्हापूरकरांच्या बॅगेत गांजापेक्षा खसखस असण्याचा संभव कितीतरी जास्त. आपल्याकडे अफूच्या बोंडाच्या व्याख्येतून बी वगळलेले आहे. म्हणून किराणा दुकानात ती पुडीत मिळते, तालमीतल्या थंडाईत वाटली जाते, पांढऱ्या रश्श्यात आणि पुष्कळ घरांच्या कांदा-लसूण मसाल्यातही पडते. संयुक्त अरब अमिरातीत तीच खसखस नेण्यास बंदी आहे. दुबईला लेकीकडे निघालेल्या आईला मी एवढेच सांगतो, की मसाल्याचा डबा भरण्याआधी त्यात काय काय कुटले होते ते आठवून पाहावे, आणि खसखस असेल तर डबा घरीच ठेवावा.