आगोट, बर्फाची

कोकणात आमच्या लहानपणी मे महिना संपत आला की घराघरांत आगोटीची धावपळ सुरू व्हायची. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. एकदा पाऊस लागला की वाटा बंद, होड्या बंद, बाजार बंद. म्हणून मीठ, सुके मासे, कुळीथ, पापड, सांडगे सगळं आधीच भरून ठेवायचं. लाकूडफाटा आणि शेणी पडवीत रचायच्या, घराला झापांनी झडी बांधायची. आजी शेवटी सगळ्यावरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायची, "आता येऊ दे."

हे सगळं मला आठवलं ते अमेरिकेत, बोस्टनजवळ मुलीच्या घरी. जानेवारी २०१५ ची गोष्ट. २५ तारखेला रविवारी टीव्हीवर सांगायला लागले की सोमवारी रात्रीपासून मोठं हिमवादळ येणार, दोन फुटांवर बर्फ पडेल. झालं! मुलगी आणि मी दुकानात गेलो तर गाड्या लावायला जागा नाही. आत गर्दी, पण गोंधळ नाही. तीन फळ्या मात्र रिकाम्या झालेल्या : दूध, ब्रेड आणि अंडी. मला गंमत वाटली. म्हटलं, "अगं, तांदूळ आहे, डाळ आहे, ब्रेडवाचून आपलं काय अडलंय?" तर ती म्हणाली, "आई, इथे वादळ म्हटलं की हे तीन आणायचेच. का ते विचारू नकोस."

आता, का ते विचारू नकोस असं इतिहासाच्या शिक्षिकेला सांगितलं की काय होतं ते तुम्ही जाणताच.

घरी आल्यावर खरी तयारी सुरू झाली. औषधं मोजली. सगळे फोन चार्जिंगला लावले. टॉर्चचे सेल बदलले. बाथटब पाण्यानं भरून ठेवला. बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेनं सोडायचा ठरलं, कारण वाहतं पाणी लवकर गोठत नाही आणि पाइप फुटत नाही. बर्फ काढायचं फावडं शेडमधून आणून घरात, दारामागे ठेवलं. (शेडमध्येच राहिलं तर सकाळी फावडं आणायला फावडं लागतं, असं जावई म्हणाले.) मोटारीचे वायपर काचेवर चिकटू नयेत म्हणून उभे करून ठेवले. आणि एक गोष्ट मला नवीन होती. घर तापवणाऱ्या भट्टीची धूर सोडणारी नळी भिंतीतून बाहेर येते. तिच्या तोंडाशी बर्फ साचला तर विषारी वायू घरात शिरतो, म्हणून वादळ चालू असतानासुद्धा मधूनमधून ती मोकळी करावी लागते. मी आपली भाजणी होती तिची थालीपिठं करून ठेवली.

शेजारी एक सत्तरीच्या पुढच्या बाई एकट्या राहतात. मुलीनं त्यांना दूध-ब्रेड नेऊन दिलं तेव्हा मीही गेले. माझं इंग्रजी बेताचंच, पण मी विचारलंच, हे दूध-ब्रेडचं काय आहे? त्या हसल्या आणि एकच शब्द बोलल्या, "अठ्ठ्याहत्तर."

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार. न्यू इंग्लंडमध्ये त्या वादळाचं नाव अजून असं काढतात, जसं आपल्याकडे पानशेतच्या पुराचं. बोस्टनला २७.१ इंच बर्फ पडलं, म्हणजे सव्वादोन फूट. वाऱ्यानं त्याचे माणसाच्या उंचीहून मोठे ढीग केले. समुद्रकाठी भरतीच्या लाटांनी घरं नेली. शंभराच्या आसपास माणसं गेली. गव्हर्नर मायकेल डुकाकिस रोज स्वेटर घालून टीव्हीवर येत आणि लोकांना घरात बसायला सांगत. काही दिवस खाजगी वाहनांवर बंदी होती. दुकानात चालत जायचं, मिळेल ते आणायचं. दूध-ब्रेडची धास्ती तेव्हापासूनची, असं तिकडचे लोक सांगतात.

पण शेजारीणबाई जे सांगत होत्या ते वेगळंच होतं. त्यांच्या घरात दूध होतं, ब्रेड होता, शेकोटीला लाकडं होती, दोन मुलं जवळ होती. नवरा कामावर गेला होता. दीड दिवस त्याचा पत्ता नव्हता. मग एका चर्चमधून फोन आला.

झालं होतं असं. अंदाज चुकला नव्हता, वादळ येणार हे आधी सांगितलेलं होतं. बर्फ पहाटे सुरू होईल असं लोक धरून चालले होते. पहाटे खिडकीतून पाहिलं तर काही नाही. त्या काळी हवामानखात्यावर लोकांचा विश्वास तितपतच. लोक डबे घेऊन कामावर गेले. सकाळ वर आल्यावर बर्फ सुरू झालं, दुपारी सगळ्या कचेऱ्या एकदम सुटल्या आणि सगळी शहरं एकाच वेळी रस्त्यावर आली. बोस्टनभोवतीच्या १२८ नंबरच्या हमरस्त्यावर तीन हजारांवर मोटारी आणि पाचशे ट्रक जागच्या जागी गाडले गेले. लोक ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवून बसले, मागची धुराची नळी बर्फानं बुजली, आणि काही जण बसल्या जागी झोपले ते उठलेच नाहीत.

मुलीच्या गावच्या वाचनालयात मग मी आणखी मागे गेले. डेव्हिड लास्किन यांचं १८८८ च्या वादळावरचं, २००४ साली आलेलं पुस्तक मिळालं. सुनेत्रानं, म्हणजे मुलीनं, अडेल तिथे अर्थ सांगितला. १८८८ साली अमेरिकेत दोन मोठी वादळं झाली, एक जानेवारीत आणि एक मार्चमध्ये. जानेवारीचं वाचताना मला दोनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

नेब्रास्का, डकोटा, मिनेसोटाचा तो माळ म्हणजे झाड औषधालाही नाही. युरोपातून आलेली गरीब कुटुंबं, मातीच्या ढेपा रचून बांधलेली घरं. पण ही माणसं आगोट जाणणारी होती! लाकूड नाही म्हणून वाळल्या गवताचे पीळ घालून त्यांच्या जुड्या जाळत. मक्याची बुरकुंडं जाळत, आणि जनावरांचं वाळलं शेणही. घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवत, म्हणजे डोळ्यांपुढे हात दिसला नाही तरी दोर धरून गुरांकडे जाऊन परत येता यावं. त्या माळावर स्वतःच्या अंगणात वाट चुकून माणसं मेलेली आहेत.

१२ जानेवारीचा दिवस, गुरुवार, छान उबदार उजाडला. बऱ्याच दिवसांच्या थंडीनंतर पहिला मोकळा दिवस. मुलं जाड कपडे न घालताच शाळेत गेली. नेब्रास्कात वादळ येऊन धडकलं ते दुपारी, नेमकं शाळा सुटण्याच्या सुमारास. पिठासारखं बारीक बर्फ, श्वास घेता येईना. रात्रीपर्यंत पारा शून्याखाली तीस अंश सेल्सिअस आणि कुठे त्याच्याही खाली. २३५ माणसं गेली असं धरतात, त्यांत मुलं पुष्कळ. म्हणून त्याला शाळकरी मुलांचं वादळ म्हणतात. हवामानाचे इशारे तेव्हा लष्कराचं सिग्नल खातं देत असे. सेंट पॉलहून तारा सुटायच्या, पण तार पोचायची रेल्वेच्या गावापर्यंत. माळावरच्या एकखोली शाळेला कोण कळवणार?

त्या शाळांमधल्या शिक्षिका बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या पोरी. मिनी फ्रीमन हिच्या शाळेचं छप्परच उडालं. ती मुलांना घेऊन बाहेर पडली आणि सगळ्यांना एका शेतघरात सुखरूप पोचवलं. मुलांना तिनं एका दोरीनं बांधून नेलं असं म्हणतात, पण दोरी खरी की नंतर जोडलेली याबद्दल मतभेद आहेत. तिच्यावर गाणी झाली, देशभर नाव झालं.

लॉइस रॉयस हिच्यावर तशी गाणी झाली नाहीत. तिच्याजवळ तीन मुलं उरली होती, नऊ वर्षांचे दोन मुलगे आणि सहा वर्षांची एक मुलगी. तीनच्या सुमारास शाळेतलं जळण संपलं. तिची राहण्याची जागा हाकेच्या अंतरावर. ती मुलांना घेऊन निघाली आणि वाट चुकली. रात्रीत तिन्ही मुलं तिच्याजवळ गोठून गेली. ती वाचली, पण तिचे पाय कापावे लागले.

दोघीही मुलांना घेऊन बाहेरच पडल्या होत्या, हे लक्षात घ्या. एकीला घर सापडलं, दुसरीला नाही. मी लॉइसला दोष देऊ शकत नाही, आणि त्याला कारण आहे. २६ जुलै २००५ ला मी मुंबईच्या उपनगरात शिकवत होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे आता सगळ्यांना पाठ आहे, पण दुपारी अडीचला वर्गात उभं असताना ते कुणाला ठाऊक होतं? शाळा लवकर सोडायची असं ठरलं. माझ्या वर्गातली जवळ राहणारी अकरा मुलं मी स्वतः फाटकापर्यंत सोडली. 'हात धरून जा रे,' म्हटलं. तासाभरात रस्त्यावर कमरेएवढं पाणी झालं आणि उरलेल्यांना आम्ही रात्रभर वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं. त्यांना खिचडी मिळाली, झोपही लागली. मी रात्रभर ती अकरा नावं हजेरीच्या क्रमानं मनात म्हणत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकराव्याची खबर लागली. सगळी सुखरूप होती. पण ती मी सोडली होती, हे मी घरी कधी धड बोलले नाही. आज इथे लिहिते आहे.

असो. मार्च १८८८ चं वादळ शहरातलं, न्यूयॉर्कचं. तिथे गोष्ट निराळी. आदल्या शनिवारी वसंत आल्यासारखी हवा. रविवारी पाऊस, मध्यरात्रीनंतर त्याचं बर्फ झालं. सोमवारी सकाळी लोक, विशेषतः रोजंदारीवरचे, निघाले कामाला. खाडा पडला तर पगार जाईल, कदाचित कामही जाईल. उंचावरून जाणाऱ्या गाड्या रुळांवर अडकल्या आणि हजारो माणसं वर लटकली. शिड्या लावून खाली उतरवायचे लोकांनी पैसे घेतले म्हणे! रॉस्को कॉंकलिंग नावाचे बडे पुढारी कचेरीतून घरी चालत निघाले, वाटेत कोसळले आणि महिन्याभरानंतर गेले. तारा तुटल्यामुळे बोस्टनचे निरोप न्यूयॉर्कला लंडनमार्गे पाठवावे लागले. पुढे तारा जमिनीखाली घालण्याला आणि भुयारी रेल्वेच्या विचाराला या वादळानं जोर दिला. एकूण चारशेवर माणसं मेली, त्यांतली निम्मी न्यूयॉर्क शहरात.

घरच्या बेगमीचं काय? श्रीमंतांच्या तळघरात हिवाळाभराचा कोळसा होता. चाळींतली माणसं कोळसा बादलीनं विकत घेत, रोजचा रोज, कारण एकदम घ्यायला पैसे नाहीत आणि ठेवायला जागा नाही. दूधही रोजचंच. दुधाच्या गाड्या बंद पडल्या आणि कोळशाचा भाव चढला तो नेमका यांच्यासाठी. आमच्या गावातही आगोट भरणारी घरं वेगळी आणि जून-जुलैत पायलीभर तांदूळ उसना मागायला येणारी घरं वेगळी होती. आजीनं त्यांच्यासाठी एक कणगा निराळा ठेवलेला असे, हेही खरं.

२०१५ चं आमचं वादळ मात्र नीट पार पडलं. आधीच शाळा बंद, कचेऱ्या बंद, आणि सोमवारी मध्यरात्रीपासून राज्यभर वाहनबंदी. बोस्टनला २४.६ इंच बर्फ झालं, जवळजवळ १९७८ इतकं. आमची वीजसुद्धा गेली नाही. मंगळवारी जावई दर तीन तासांनी ती भट्टीची नळी मोकळी करत होते, आणि बाथटबमधलं पाणी शेवटी सोडून दिलं. ब्रेडचा मी चार दिवस उपमा केला. तिकडे न्यूयॉर्कला दोन फुटांचा इशारा होता आणि दहा इंचही पडलं नाही. लोक चिडले, उगाच सगळं बंद ठेवलं म्हणाले. शेजारच्या राज्यातल्या हवामान कार्यालयाच्या एका अधिकाऱ्यानं तर जाहीर माफी मागितली. मला त्या माफीचं वाईट वाटलं. अशा दोन-चार माफ्या झाल्या की पुढच्या वेळी लोक पहाटे खिडकीतून बघतात आणि डबा घेऊन निघतात.

आणि तसं झालंही, म्हणजे निराळ्या कारणानं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला मोठं वादळ आलं. अंदाज कित्येक दिवस आधीपासून अगदी बरोबर होता. पण वाहनबंदी लागली ती २३ तारखेला सकाळी साडेनऊला, ऐन वेळी जाहीर होऊन. तोवर पुष्कळ माणसं कामावर पोचली होती. कुणी गाडीत मेलं, कुणी रस्त्यावर, कुणी घरात वीज गेल्यावर थंडीनं, कुणी रुग्णवाहिका पोचली नाही म्हणून. एरी काउंटीत ४७ माणसं गेली. १८८८ नाही, २०२२! उपग्रह होते, मोबाइल होते, दुकानात ब्रेडही होता.

आता तिकडे वादळाचा इशारा आला की मुलगी स्वतःच फोन करते, मी काळजी करते म्हणून. "दूध, ब्रेड, अंडी सगळं आणलंय गं आई, फावडं दारामागे आहे." मी विचारते, घरात कोण कोण आहे? ती हसते. शेजारीणबाईंना विचारलंस का? हो, त्या आमच्याकडेच आल्यात. आणि जावई? "ट्रेनमध्ये आहे, येईल तासाभरात."

मग मी फोन ठेवू देत नाही. इकडचं तिकडचं बोलत राहते, तिकडे दार वाजेपर्यंत.